मेंदूच्या लहरी नोंदवणाऱ्या ईईजी विभागातल्या रात्रपाळीच्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

लेकीच्या रात्री आता सुधारल्या आहेत. त्याची सुरुवात तुमच्यापासून झाली हे तुम्हाला कळायलाच हवं, आणि रात्रपाळीत तुमच्यासारखी माणसं काय करतात हे इतरांनाही कळावं, म्हणून हे पत्र जाहीर लिहितेय.

तिला फिट यायची ती झोपेतच, बहुतेक पहाटे. अंग कडक व्हायचं, डोळे वर जायचे, मग हातपाय झटकायची. क्लोबाझाम हे फिटचं औषध सुरू झालं आणि काही महिने फिट जवळजवळ थांबल्या. मग हळूहळू परत आल्या. या गटातल्या औषधांची शरीराला सवय होते आणि गुण कमी पडायला लागतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. डोस वाढला. त्यानंतर ती जेवतानाच पेंगायला लागली. रात्रभर झोपायची, उशी लाळेनं भिजायची, आणि तरीही शाळेत पहिल्याच तासाला बाकावर डोकं टेकायची. एवढी झोपूनही पोर दमलेली का, याचं उत्तर कुणाकडेच मिळत नव्हतं.

व्हिडिओ ईईजीच्या त्या रात्री वायरी लावून झाल्यावर तुम्ही फक्त पडद्यावरच्या रेघांकडे पाहत बसला नाहीत. तिचं घोरणं ऐकलंत. घोरणं मध्येच थांबतं, छाती हलते पण श्वास आत जात नाही, मग ती दचकून कूस बदलते, हे तुमच्या लक्षात आलं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना बोलावून तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं क्लिप लावून घेतलंत, आणि दर वेळी घड्याळ बघून नोंद केलीत. मला हळूच विचारलंत, “घरीसुद्धा अशीच तोंड उघडं टाकून झोपते का हो?” पुढे मी खोदून विचारलं, तर “निदान डॉक्टरच सांगतील” एवढंच म्हणालात. ते मला फार आवडलं.

डॉक्टरांनी तुमच्या नोंदी रेकॉर्डिंगशी जुळवून आम्हाला दाखवल्या. औषधामुळे बारीक, जलद लहरी जागोजागी होत्या. गाढ झोपेच्या मोठ्या, संथ लहरी मात्र थोड्याच. त्या रात्रीच्या दोन्ही फिट अशा दचकण्यापाठोपाठच आलेल्या. तिचे अ‍ॅडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागच्या गाठी, वाढलेले होते. त्यात या औषधानं घशाचे स्नायू आणखी सैल पडतात, श्वास अडतो, झोप तुटते, आणि तुटलेली झोप फिटला आमंत्रण देते. फिट थांबवायला वाढवलेला डोस आडवाटेनं फिटलाच हातभार लावत होता.

अ‍ॅडेनॉइडचं ऑपरेशन झालं. गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कित्येक आठवडे घेत कमी केली. ती एकदम बंद केली तर फिटवर फिट येऊन जिवावर बेतू शकतं, म्हणून हे वाचून कुणीही आपल्या मुलाची गोळी परस्पर कमी करू नये, एवढं कळकळीनं सांगते. आमची गोळीही सुटलेली नाही, अर्ध्यावर आलीय. फिट पाच मिनिटांच्या वर गेली तर द्यायचा मिडाझोलामचा नाकातला स्प्रेही उशाशी असतोच. औषधांवर माझा राग नाही. पण मूल निपचित पडलंय म्हणजे त्याला विश्रांती मिळतेय असं धरून चालायचं नाही, हे आम्ही त्या रात्री शिकलो. नातेवाईक अजूनही “सर्दीचं सिरप दे, शांत झोपेल” म्हणतात. गुंगी आणणारी सर्दीची काही औषधं अपस्माराच्या मुलांत फिट वाढवू शकतात, हे मी आता प्रत्येकाला ठामपणे सांगते.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. सकाळी तुमची ड्यूटी संपली होती. तरी कोमट पाण्यात कापूस भिजवून तिच्या केसांतली, वायरी चिकटवायची पेस्ट तुम्ही एकेक बट धरून काढलीत, एकही केस न ओढता. ती रडली नाही. आधीच्या प्रत्येक ईईजीनंतर रडली होती.

आता ती सकाळी हाक मारल्यावर उठते, शाळेच्या रिक्षात बडबड करते. फिट पूर्ण थांबलेल्या नाहीत, पण दोन फिटमधलं अंतर खूप वाढलंय. तुमचे मनापासून आभार, ताई. पुढच्या महिन्यात पुन्हा ईईजी आहे. तुमची रात्रपाळी कधी आहे ते विचारूनच तारीख घेणार आहोत. लेकीनं तसं बजावलंय.

आपली,
एक आई