पुडीत काय आहे, हे सांगणार कोण?

महोदय,

पंचवटीत माझं औषधांचं दुकान आहे. गेल्या आठवड्यात एक ताई मुलाच्या दप्तरात सापडलेली पुडी घेऊन आल्या. हिरवट चुरा, वास मात्र नेलपॉलिशसारखा. “दादा, गांजाच आहे ना हा?” मला सांगता आलं नाही. ते अजून मनाला लागून राहिलंय.

अशा चुऱ्यावर गांजासारखी नशा देणारं कृत्रिम रसायन फवारलेलं असू शकतं. गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, मेंदूच्या पेशींवरच्या सीबी-१ रिसेप्टरला (संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) अर्धवटच चेतवतं. फवारलेल्या कृत्रिम रसायनांपैकी कित्येक मात्र त्याला पुरतं चेतवतात. मग झटके येतात, जीवही जातो. बेल्जियमच्या घेंट विद्यापीठात अशी रसायनं ओळखण्यासाठी प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये प्रकाश देणाऱ्या एन्झाइमचे दोन तुकडे बसवतात. रसायनाने रिसेप्टर चेतवला की तुकडे जुळतात, पेशी उजळतात. किती कमी मात्रेत उजळल्या आणि किती जोरात, यावरून ताकद कळते. रेणू अगदी नवा असला तरीही!

आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे. त्यांनी अशी चाचणी नाशिकमध्ये सुरू करण्यासाठी पुढाकार घ्यावा, ही कळकळीची विनंती. त्या ताईंना मी मुलाला घेऊन लगेच डॉक्टरांकडे जायला सांगितलं. त्या जाताना पुडी रुमालात घट्ट बांधत होत्या.

– एक औषधविक्रेता, पंचवटी, नाशिक