झुडपी जंगल आणि अंडीखाऊ साप : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

विदर्भातल्या झुडपी जंगलात रोपवनाचे खड्डे खणण्याआधी तिथल्या एका सापाचा विचार व्हावा, म्हणून हे पत्र.

भारतीय अंडीखाऊ सापाची शास्त्रीय नोंद 1863 मध्ये झाली, आज बांगलादेशात असलेल्या रंगपूरच्या नमुन्यावरून. त्यानंतर शतकभरात त्याचे मोजकेच नमुने हाती लागले. पुढे तो सापडला तो आपल्या वर्ध्यात! अशोक कॅप्टन, पराग दांडगे आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये ती नोंद प्रसिद्ध केली. नंतर अमरावती, यवतमाळकडूनही तो कळला.

अंगाने सडपातळ, काळपट तपकिरी, पाठीवर शेपटीपर्यंत गेलेला फिकट पट्टा. खातो फक्त पक्ष्यांची अंडी, तीही आत पिल्लू न धरलेली. दात नावालाच. अंडं अख्खंच गिळतो. ते गळ्याखाली सरकलं की मणक्यांची अन्ननलिकेत उतरलेली टोकं त्यावर दाबली जातात आणि कवच फुटतं. असं खाणारे साप जगात फार थोडे आहेत. पण ताजी अंडी वर्षभर मिळत नाहीत, त्यामुळे पाखरांच्या विणीचा हंगाम हुकला तर या सापाला दुसरा घास नाही.

आता ही पाखरं कुठे वितात? गवतात, बोरी-बाभळीत, शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, काट्यांत. उन्हाळ्यात आपण धुरे पेटवतो आणि उरलेल्या झुडपी जमिनीला पडीक म्हणतो. साप मात्र कागदावर वाघाच्या पंक्तीत, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये! त्याला मारलं तर गुन्हा, त्याचं रान उखडलं तर विकासकाम. हे मला पटत नाही.

मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातलं झुडपी जंगल वनजमीन ठरवलं. फार मोठा दिलासा आहे तो. पण वनजमीन म्हणजे सागाच्या रांगा, असा अर्थ खात्याने लावला तर गवत आणि झुडूप दोन्ही जातील. म्हणून विनंती आहे, साहेब : पर्यायी वनीकरणासाठी, म्हणजे प्रकल्पांत गेलेल्या जंगलाच्या बदल्यात करायच्या लागवडीसाठी, झुडपी जमिनी देऊ नयेत. आहे ते गवत-झुडूप राखणं हेच तिथलं वनसंवर्धन, असं कार्य आयोजनेत (खात्याच्या वनव्यवस्थापन आराखड्यात) स्पष्ट लिहावं. सर्पमित्रांकडच्या नोंदी वनपरिक्षेत्रनिहाय मागवाव्यात आणि धुरे न जाळणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा मोबदला द्यावा. येत्या पावसाळ्याच्या लागवडीचे आराखडे मंजूर होण्याआधी एवढा आदेश निघावा.

आपला,
विदर्भातला एक निसर्गप्रेमी