अपघात ‘इथंच मिटवू’ नका

सिंहगड रस्त्यावर माझ्या आईला मोटारीने धडक दिली, तेव्हा चालकाच्या हातातला फोन सुरूच होता. पलीकडून कुणीतरी ‘हॅलो, हॅलो’ म्हणत होतं आणि आईच्या पिशवीतली मेथी रस्ताभर पसरली होती. मांडीचं हाड मोडलं. चालक दहा हजार पुढे करून ‘इथंच मिटवू’ म्हणाला. गोंधळात आम्ही ते घेणारच होतो. शेजारच्या वकीलकाकांनी अडवलं म्हणून बरं!

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार गाडी चालवताना हातात फोन वापरणं हे धोकादायक वाहन चालवणंच आहे. जखमीला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे उपचारखर्च, बुडालेली कमाई, अपंगत्व, सोसलेल्या वेदना या सगळ्याची भरपाई मागता येते. चालकाची चूक सिद्ध न करताही कलम १६४ खाली गंभीर दुखापतीसाठी अडीच लाखांची तरतूद आहे. मात्र, कायद्यात दाव्याच्या अर्जासाठी सहाच महिने दिलेत. आमचे दोन तर रुग्णालयाच्या खेपांतच गेले.

पोलिसांनी जबाब घेतानाच ही माहिती जखमीच्या घरच्यांना मराठीत लेखी द्यावी.

– एक वाचक, धायरी, पुणे