हँड कंट्रोलच्या गाडीचे पार्किंग : मित्रास पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या गाडीला हँड कंट्रोल, म्हणजे ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हाताने चालवण्याचा लिव्हर, बसले, सरळ रस्त्यावर हात स्थिरावला, आणि आता भीती उरली आहे ती फक्त गाडी लावण्याची, हे वाचून मला आनंदच झाला. ही भीती योग्य जागी आहे. चालता येणाऱ्या माणसाचे पार्किंग इंजिन बंद झाले की संपते. आपले त्यानंतर सुरू होते, कारण मागच्या सीटवरून व्हीलचेअर काढायची, जोडायची, तिच्यावर सरकायचे, आणि परतल्यावर हे सारे उलट्या क्रमाने करायचे असते. म्हणून जागा निवडताना गाडी तिच्यात मावते का हा प्रश्न दुसरा ठेव. दार पूर्ण उघडेल का, खुर्ची त्याच्या शेजारी उभी राहील का, आणि दोन तासांनी परत आल्यावरही तेवढी मोकळीक शिल्लक असेल का, हे आधी पाहा. पुढे जे लिहितो आहे ते सगळे याच क्रमाने लिहितो आहे.

सर्वप्रथम आपल्या गाडीचे माप घे. गाडी मोकळ्या मैदानात उभी कर, चालकाचे दार शेवटपर्यंत उघड, खुर्ची ज्या कोनात लावून तू सरकतोस त्याच कोनात लाव आणि गाडीच्या बाजूपासून खुर्चीच्या बाहेरच्या चाकापर्यंतचे अंतर टेपने मोज. साधी खुर्ची साधारण ६० ते ७० सेंटिमीटर रुंद असते, पण ती तिरकी लावावी लागते आणि ढकलणाऱ्या हातालाही जागा हवी असते. त्यामुळे सव्वा मीटरच्या आत बहुतेकांचे भागत नाही. आता हिशेब पाहा. नेहमीचा पार्किंगचा पट्टा सुमारे अडीच मीटर रुंद आणि मध्यम आकाराची गाडी पावणेदोन मीटरच्या आसपास. म्हणजे गाडी अगदी मधोमध लावली तर प्रत्येक बाजूला चाळीस सेंटिमीटरसुद्धा उरत नाहीत. म्हणूनच अपंगांसाठी राखीव जागेच्या कडेला तिरप्या रेघांचा मोकळा पट्टा आखलेला असतो. अनेक देशांच्या मानकांत तो किमान १.२ मीटर धरतात, तर बाजूने रॅम्प उघडणाऱ्या व्हॅनसाठी अमेरिकेच्या मानकांत त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे २.४ मीटरचा पर्याय आहे. तो पट्टा शोभेसाठी आखला आहे असे समजून त्यावर स्कूटर लावणारे लोक तुला भेटतीलच.

हा मोकळा पट्टा बहुधा जागेच्या एकाच बाजूला असतो, आणि गाडी सरळ आत घालायची की रिव्हर्स घ्यायची हे ठरते ते केवळ त्यावरून. आपल्या दोघांच्याही गाडीचे स्टिअरिंग उजवीकडे आहे. जागेकडे तोंड करून पाहताना पट्टा उजव्या हाताला दिसत असेल तर गाडी सरळ आत घाल. दार पट्ट्याकडे उघडेल. पट्टा डाव्या हाताला असेल तर रिव्हर्स घे, कारण गाडी फिरली की तुझी उजवी बाजू त्याच पट्ट्याकडे येते. जागेसमोर पोचण्याआधीच, लांबूनच, पट्टा कोणत्या बाजूला आहे ते बघण्याची सवय लाव. गाडी अर्धी आत गेल्यावर विचार बदलला की एका हाताने चालवणाऱ्याचे कष्ट दुपटीने वाढतात. आणि गाडी मधोमध लावण्याचा आग्रह सोड. डावीकडे कोणी उतरणार नसेल तर त्या बाजूच्या रेघेला, रेघ न ओलांडता, जितके चिकटता येईल तितके चिकट.

राखीव जागा नसेल तेव्हा काय करायचे, हा तुझा दुसरा प्रश्न. पुष्कळजण सांगतात की लांबच्या रिकाम्या रांगेत जाऊन लावावी. सल्ला अर्धाच बरोबर आहे, कारण तू आत असताना ती रांग भरते आणि परतल्यावर तुझ्या दाराला खेटून दुसरी गाडी उभी असते. म्हणून रिकामी जागा शोधण्यापेक्षा अशी जागा शोध, जिथे चालकाच्या बाजूला गाडी येऊच शकत नाही : रांगेचे टोक, पादचाऱ्यांच्या वाटेची कड, वळणासाठी सोडलेला कोपरा. मात्र त्या बाजूला उंच फुटपाथ असेल तर सावध राहा. खुर्ची फुटपाथवर चढवली की ती दहा-पंधरा सेंटिमीटर उंच होते. अशा वेळी खुर्चीतून सीटवर उतरणे सोपे वाटते, पण त्याआधी सीटवरून खुर्चीत चढणे खांद्यांची परीक्षा पाहते. शिवाय दाराची खालची कड फुटपाथवर घासते ती वेगळीच. दोन जागांच्या मधोमध गाडी लावण्याचा मार्ग मला पसंत नाही. त्याने आपली अडचण सुटते, पण शेजारी येणाऱ्याला कारण न कळल्याने तो चिडून आणखी खेटून लावतो.

उताराचा विचार बहुतेक लोक करत नाहीत, आपल्याला करावाच लागतो. गाडीचे तोंड चढाकडे असेल तर दार आपोआप मिटू पाहते आणि खुर्चीचा सांगाडा बाहेर काढताना नेमके मनगटावर येते. तोंड उताराकडे असेल तर दार सताड उघडते आणि आत बसल्यावर ते ओढून घेणे जड जाते. उतार आडवा असेल तर त्याहून त्रास, कारण खुर्ची ब्रेक लावूनही सरकू पाहते किंवा तुझे शरीरच एका अंगाला कलते. राखीव जागेची जमीन साधारण ५० सेंटिमीटरला एक सेंटिमीटरपेक्षा जास्त कललेली नसावी, असा दंडक चांगल्या मानकांत असतो, आणि त्यामागे हेच कारण आहे. दोन जागांमध्ये निवड करायची वेळ आली तर दाराजवळची पण उतरती जागा सोडून थोडी लांबची सपाट जागा घे.

आता हातांविषयी, कारण तुझी खरी धास्ती तिथे आहे. तुझी गाडी ऑटोमॅटिक आहे, ही मोठी सोय. ब्रेक सोडल्यावर ती स्वतःहून जी सावकाश सरकते, त्या सरकण्यावरच सगळे पार्किंग कर. लिव्हरने फक्त ब्रेक कमी-जास्त करायचा, अ‍ॅक्सिलरेटरला सपाट जागेवर हात लावायचाच नाही. हँड कंट्रोलमध्ये एकच हात दोन्ही कामे करतो, लिव्हर ढकलला की ब्रेक आणि ओढला की अ‍ॅक्सिलरेटर, त्यामुळे घाईत ढकलण्याऐवजी ओढले जाण्याचा धोका असतो, आणि तो धोका अ‍ॅक्सिलरेटर वापरलाच नाही तर जवळजवळ उरत नाही. चढावर रिव्हर्स घ्यावी लागली तर आधी हँडब्रेक लाव, लिव्हर अगदी थोडा ओढ आणि गाडी ओढ घेऊ लागल्यावरच हँडब्रेक सोड. काही इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये हे आपोआप सरकणे बंद करून ठेवता येते. पार्किंगसाठी ते चालू ठेवलेले बरे.

स्टिअरिंगचा नॉब, म्हणजे एका हाताने ते फिरवण्यासाठी त्यावर बसवलेली मूठ, धरलेला हात स्टिअरिंगबरोबरच फिरतो, तो मध्ये कुठे सुटत नाही. याचा फायदा असा की चाके कुठे वळली आहेत हे हाताच्या जागेवरून कळू शकते, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिअरिंगचे अडीच-तीन फेरे होत असल्याने कितवा फेरा चालला आहे हे विसरायला होते. स्टिअरिंगच्या माथ्यावर, चाके सरळ असताना, रंगीत चिकटपट्टीची एक खूण कर आणि फेरे मनात मोज. गिअर बदलण्यासाठी नॉबवरचा हात काढावा लागतो; तो गाडी पूर्ण थांबवल्याशिवाय काढायचा नाही, हा नियम कधीही मोडू नकोस. तुझ्या पोटाच्या स्नायूंवर ताबा नाही, म्हणून पूर्ण वळण घेताना धड बाजूला झुकते आणि झुकलेला माणूस नॉबलाच आधार म्हणून धरतो, म्हणजे गाडी आणखी वळते. छातीवर एक रुंद पट्टा बांधला की हे थांबते. सीटबेल्ट हवाच, पण या कामाला तो पुरत नाही, कारण सावकाश झुकताना तो अडकत नाही.

मान वळवून मागे पाहणे तुला जमत नाही याचा फार विचार करू नकोस. डावीकडचा आरसा रिव्हर्सच्या वेळी खाली झुकवलास की मागचे चाक आणि जमिनीवरची रेघ एकत्र दिसतात, आणि पार्किंगला याहून जास्त उपयोगाचे दुसरे दृश्य नाही. मागचा कॅमेरा मदतीला घे. अमेरिकेत तर २०१८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचाच आहे. पण त्याचे भिंग रुंद कोनाचे असल्याने वस्तू आहेत त्यापेक्षा लांब भासतात, आणि रिव्हर्स घेताना गाडीचे नाक वळणाच्या बाहेरच्या अंगाला झुलते ते त्यात दिसतच नाही. शेजारच्या गाडीला लागते ते बहुधा हे नाकच.

रस्त्याच्या कडेला, दोन गाड्यांच्या मध्ये समांतर लावण्याची तालीम परीक्षेपुरती कर. डावीकडे कडेला लावले की आपले दार वाहत्या रहदारीत उघडते, आणि तिथे खुर्ची जोडत बसणे मला कधीही शहाणपणाचे वाटलेले नाही. एकदिशा रस्त्यावर उजव्या कडेला लावता येत असेल तर गोष्ट निराळी.

गाडी स्वतःच पार्क होते त्या सोयीबद्दल तू विचारले आहेस. टोयोटाने २००३ मध्ये जपानात प्रियस गाडीत ती आणली तेव्हा नवल होते. आता काही गाड्या चालक बाहेर उभा असताना किल्लीच्या बटणावरही आत-बाहेर होतात. ही दुसरी सोय आपल्यासारख्यांना वरदान आहे, कारण मोकळ्या जागी उतरून गाडीला अरुंद जागेत पाठवता येते आणि परतल्यावर पुन्हा बाहेर बोलावता येते. पहिल्या प्रकारात मात्र स्टिअरिंग झपाट्याने आपोआप फिरते आणि त्याबरोबर तुझा नॉबही. बाही किंवा बोट त्यात सापडणार नाही एवढे पाहा.

तुझ्या काकांना पक्षाघातानंतर डाव्या बाजूचे भान कमी राहते, असे तू लिहिले आहेस. त्यांना आरसे आणि सेन्सर सुचवण्याआधी डॉक्टरांकडून गाडी चालवण्याची तपासणी करून घे, कारण ज्या बाजूकडे लक्षच जात नाही त्या बाजूचा आरसाही पाहिला जात नाही. एका डोळ्याने दिसणाऱ्यांचे तसे नसते. ते अंतराचा अंदाज ठरावीक खुणांवरून, जसे की समोरची रेघ आरशाच्या खालच्या कडेशी कधी येते यावरून, उत्तम शिकतात.

शेवटी परतण्याचे. कितीही काळजी घेतली तरी एखाद्या दिवशी दाराशी गाडी उभी असेलच. तेव्हा दोन उपाय : दुसऱ्या बाजूने चढून आत सरकणे, जे मधल्या उंच कप्प्यामुळे सहसा जमत नाही, किंवा कोणाकडून तरी गाडी चार हात पुढे घेणे. तुझ्या हँड कंट्रोलखाली मूळ पेडल तसेच आहेत, त्यामुळे कोणीही ती चालवू शकतो. पण त्याला आधी सांग की लिव्हरला गुडघा लावू नकोस आणि नॉब धरू नकोस. या दोन सूचना मोठ्या अक्षरांत लिहून डॅशबोर्डवर चिकटवून ठेव.

मैदानात माप घेतलेस की तुझा आकडा मला कळव, आणि खुर्ची तू डाव्या हाताने काढतोस की उजव्या, तेही लिही. त्यावरून सरावासाठी खोक्यांची आखणी कशी करायची ते पुढच्या पत्रात सविस्तर लिहीन.

तुझा,
माधव