आंजेलो द फोन्सेका महाराष्ट्राचेही आहेत : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

विनंती आधीच सांगते. २०२७ साली चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांच्या जन्माला १२५ वर्षं होतील आणि निधनाला ६०. त्याआधी महाराष्ट्रातल्या संस्थांत, चर्चमध्ये आणि घरांत त्यांची जी चित्रं असतील त्यांची रीतसर नोंद व्हावी, जी खराब होत असतील त्यांचं जतन व्हावं, आणि शासनाने पुण्यात त्यांचं प्रदर्शन भरवावं.

फोन्सेका जन्माने गोव्याचे, सांतो इस्तेवचे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते थोडा काळ शिकले, मग बंगालात जाऊन तिथले नामवंत चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूर यांचे शिष्य झाले. तिथून परतल्यावर त्यांनी आपल्या चित्रांत येशूच्या आईला, पवित्र मारियेला, साडी नेसवली. ती सावळी होती, आपल्याकडच्या आयाबायांसारखी. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात हे रुचलं नाही. फोन्सेका पुण्याला आले आणि इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांनी स्थापलेल्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहू लागले. संघ अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या पंथाचा, हे कॅथलिक. तरी त्यांना जागा मिळाली ती तिथेच. १९६७ साली ते वारले तेही पुण्यातच. म्हणजे त्यांच्या कामाचा मोठा काळ महाराष्ट्रात गेला.

गोव्यातला तो विरोध नवा नव्हता. १५६७ सालच्या गोव्याच्या धर्मपरिषदेने हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती प्रतिमा करून घेण्यास मनाई केली होती. कारागीर मात्र इथलेच राहिले. सतराव्या शतकातल्या गोव्याच्या हस्तिदंती मूर्तींत बाळ येशू मेंढपाळ होऊन डोळे मिटून बसलेला दिसतो, आणि पाहणाऱ्याला ध्यानस्थ बुद्ध आठवतो. शब्दांतही हेच झालं : गोव्यात आलेले इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगितली आणि १६१६ साली ती छापली गेली. ओवी आपण अभिमानाने मिरवतो. त्याच वाटेने गेलेली चित्रं मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिली आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी वसईची. आमच्याकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत होते, गाणी मराठीत असतात. पण वेदीवरची मारिया बहुतेक ठिकाणी गोरी, निळ्या झग्यातली. तिच्यावर माझी श्रद्धा आहे. तरी फोन्सेकांची मारिया पाहिली की वाटतं, हिच्याशी माझ्या बोलीत बोलता येईल.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. ख्रिस्ती धर्माच्या भारतीयीकरणात ‘भारतीय’ म्हणून उचललं जातं ते बहुधा उच्चवर्णीयांचंच, असं दलित ख्रिस्ती विचारवंत म्हणतात. मला त्यात तथ्य दिसतं. प्रदर्शनात त्या मतालाही भिंत मिळावी आणि चर्चेत त्यांना बोलवावं.

जतनाची घाई मात्र खरी आहे. फोन्सेकांनी बंगाली वॉश पद्धत आत्मसात केली होती : जलरंग लावायचा, कागद पाण्याने धुवायचा, वाळला की पुन्हा रंग. थरावर थर बसून तो धूसर उजेड येतो. असा कागद उन्हाने विटतो, पावसाळ्यात बुरशी धरतो, साध्या पुठ्ठ्यावर चिकटवला तर आम्लाने पिवळा पडून ठिसूळ होतो. संग्रहालयं जलरंगांवर ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासच, म्हणजे मंद, प्रकाश ठेवतात. घराच्या किंवा सभागृहाच्या भिंतीवर हे कोण सांभाळणार?

गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चने त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह जपला आहे. त्यांच्याशी आपल्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाने बोलणं सुरू करावं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाची उत्तम प्रयोगशाळा आहे, तिची मदत मागता येईल. चित्रं मालकांकडेच राहू द्यावीत; शासनाने छायाचित्र, माप, कागदाची अवस्था एवढं नोंदवावं आणि दुरुस्तीचा खर्च उचलावा. ताबा जाईल या भीतीने कुणी चित्र दडवू नये, म्हणून ही अट पहिल्याच पत्रकात स्पष्ट लिहावी.

नोंदीसाठी वसई-विरारमधून लोक जमवायला मी तयार आहे. आपल्या कार्यालयाने संचालनालयातला एक अधिकारी नेमून द्यावा, ही विनंती.

आपली,
वसईतील एक चित्रकला शिक्षिका