‘शेतकऱ्यांना’ हा शब्द तीन प्रकारे साठवला जातो: मराठी भाषामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, मराठी भाषा विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

शासनाच्या योजनेचा कागद कुठलाही असो, त्यात ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द हमखास असतो. वाचणाऱ्याच्या लेखी तो एकच शब्द असतो. संगणकात मात्र तो तीन तऱ्हांनी साठवलेला सापडतो, आणि संगणकाच्या लेखी ते तीन वेगळे शब्द आहेत. हे पत्र त्या शब्दातल्या ऱ्य पासून सुरू करतो, कारण मराठीच्या संगणकीय अडचणींचं मूळ इथे उघड्या डोळ्यांनी दिसतं.

पहिला प्रकार असा: ऱ, मग हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह), मग य. आपल्या या खास अर्ध्या र साठी यूनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. त्याचा क्रमांक ०९३१. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, त्यापुढे ‘झेडडब्ल्यूजे’ नावाचं डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह, आणि मग य. पडद्यावर हे दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. तिसऱ्यात र, हलन्त आणि य एवढंच असतं. तिथे रफार उमटतो आणि शब्द होतो ‘शेतकर्यांना’.

हा तिसरा प्रकार संकेतस्थळांवर जागोजागी दिसतो. त्याचं खापर टंकलेखकावर फुटतं, पण पुष्कळदा त्याने बरोबरच टाइप केलेलं असतं. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत जाताना वाटेतला एखादा प्रोग्राम न दिसणारी चिन्हं कचरा समजून काढून टाकतो. जोडचिन्ह गेलं की दुसरा प्रकार क्षणात तिसरा होतो. मग दऱ्यांचा दर्या होतो, आचाऱ्याला दिलेलं मानधन आचार्याला दिल्यासारखं वाचलं जातं, वऱ्हाडाचं वर्हाड होतं. अर्थच बदलतो.

आता शोधणाऱ्याच्या बाजूने पाहा. त्याच्या फोनचा कळफलक पहिला प्रकार देतो आणि कागदात दुसरा असतो. मोठी शोधयंत्रं असे फरक काही प्रमाणात सांभाळून घेतात. खात्याच्या संकेतस्थळावरची साधी शोधचौकट मात्र अक्षराला अक्षर ताडून पाहते आणि ‘माहिती उपलब्ध नाही’ असं सांगते. माहिती तिथेच असते. दोन-चार वेळा असं झालं की माणूस मराठीत शोधायचंच सोडून देतो. पुढच्या वेळी तो इंग्रजी शब्द टाकतो, किंवा रोमन लिपीत मराठी. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. त्यांच्यातल्या शिकत्या पिढीच्या मनावर न बोलता ठसत जातं की मराठी बोलायला आणि भाषणाला ठीक, पण काही जाणून घ्यायचं असेल तर दुसरी भाषा हवी. ही समज शाळेत कुणी शिकवत नाही, ती रिकाम्या शोधचौकटीतून येते.

उपाय अवघड नाही, फक्त क्रम चुकता कामा नये. साठ्यातल्या मजकुरात ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ जिथे जिथे असेल तिथे आधी ‘ऱ, हलन्त’ घालायचं. उरलेल्या न दिसणाऱ्या चिन्हांकडे त्यानंतर पाहायचं. उलट केलं, म्हणजे चिन्हं आधी काढली, तर कुठला रफार मूळचा आणि कुठला बिघडलेला हे कळायचा मार्गच उरत नाही. आधीच बिघडलेल्या शब्दांना सरसकट बदल चालत नाही, नाहीतर कार्यालय, पर्याय आणि मर्यादाही बिघडतील. तिथे शब्दयादी लागते: शेतकरी, कर्मचारी, अधिकारी, व्यापारी, दरी, सुरी, पायरी अशी मूळ रूपं घेऊन त्यांची सामान्यरूपं ताडायची. संशयास्पद शब्द माणसाने पाहायचे. आणि नव्याने लिहिताना इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅशची कळ: ऱ, हलन्त, य. तीन ठोक्यांत अक्षर पक्कं.

याच जातीची आणखी दोन दुखणी आहेत. ‘निःशुल्क’ आणि ‘दुःख’ यांतला विसर्ग अनेकदा कळफलकावरच्या अपूर्णविरामाने, म्हणजे दोन टिंबांनी लिहिला जातो. पुष्कळ प्रोग्राम तिथे शब्द तोडतात आणि ‘नि’ व ‘शुल्क’ असे दोन तुकडे धरतात. आणि ‘ॲ’ हे अक्षर यूनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आलं. त्याआधीच्या सवयीने आजही काही ठिकाणी अ वर चंद्र देऊन ते लिहितात. दिसायला सारखंच, पण यूनिकोड या दोन रूपांना एक मानत नाही. त्यामुळे ‘ॲड.’ लावलेल्या वकिलाचं नाव एका यादीत सापडतं आणि दुसरीत सापडत नाही.

जुन्या फायलींचा प्रश्न याहून मोठा. यूनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, आणि विंडोज २००० पासून मंगल हा यूनिकोड फॉन्ट सोबत येऊ लागला. त्याआधी आणि त्यानंतरही बरीच वर्षं मराठीचं काम इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी चित्रं बसवलेल्या फॉन्टांवर चाललं. त्या काळात दुसरा मार्ग नव्हता. मराठी छपाई त्या फॉन्टांनीच संगणकावर आणली, हे ऋण मान्य आहे. पण त्या फायलीत मराठी कधी नव्हतीच. कृतिदेव या तशाच एका फॉन्टमध्ये ‘मराठी’ लिहिलेली फाइल उघडून फॉन्ट बदला, आत निघतं: ई, जे, के, मोठा बी, एच. दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर तेच मोठ्याने वाचतो. शासनाचा कागद त्याच्यापर्यंत पोहोचतो तो असा, पाच इंग्रजी अक्षरांच्या रूपात.

या फायली यूनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्राम आहेत, फुकटही आहेत. ते कुठे अडखळतात हे माहीत असलं की काम निभतं. या फॉन्टांमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, यूनिकोडमध्ये अक्षरानंतर. रफार नेमका उलट हलवावा लागतो. ‘वर्षिक’ की ‘वार्षिक’ असले घोटाळे तिथेच होतात. एकाच नावाच्या फॉन्टच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत काही चित्रांच्या जागा वेगळ्या असतात. आणि सर्वांत जास्त नासधूस होते ती मधेच आलेल्या खऱ्या इंग्रजी शब्दांची: प्रोग्राम त्यांनाही मराठी समजून बदलतो. म्हणून साध्या मजकुराची फाइल देऊ नये. मूळ वर्ड फाइलच द्यावी, कारण कोणता तुकडा कोणत्या फॉन्टमध्ये आहे हे तिच्यात नोंदलेलं असतं. बदलल्यानंतर दर वीस पानांमागे एक पान मुद्रितशोधकाने मुळाशी ताडून वाचावं आणि चूक सापडली तर अख्खा गठ्ठा परत पाठवावा. यासाठी पैसे लागतील, पण ते यंत्रांसाठी लागणार नाहीत, माणसांसाठी लागतील. मराठीत चांगले मुद्रितशोधक अजून आहेत.

आता पीडीएफ. शासन निर्णयावर अठरा अंकी सांकेतांक असतो, ही मोठी शिस्त आहे आणि ती शासनानेच लावली. त्या अंकाने कागद सापडतो, पण आतल्या मजकुराने सापडेल याची खात्री नसते. कागद छापून, सही करून, पुन्हा स्कॅन केला की तो चित्र होतो. थेट संगणकातून पीडीएफ केली तरी काम संपत नाही. पीडीएफ अक्षरांची चित्रं आणि त्यांच्या जागा साठवते. कुठलं चित्र म्हणजे कुठलं अक्षर, याचा तक्ता सोबत नसेल तर ‘किती’ची पहिली वेलांटी क च्या आधी निसटते आणि जोडाक्षरांचे अर्धे भाग गळून पडतात. ‘प्रिंट टू पीडीएफ’ केल्यास हा तक्ता बिघडण्याची शक्यता जास्त. ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ केली तर परिणाम बराच बरा येतो. तरीही भरवशाचा उपाय एकच: सही डिजिटल घ्यावी, आणि पीडीएफशेजारी तोच मजकूर साध्या वेबपानावर ठेवावा. त्या पानाच्या सुरुवातीला भाषेचा संकेत ‘एमआर’ द्यावा. ‘एचआय’ हा हिंदीचा संकेत राहिला तर काही फॉन्ट हिंदी वळणाचा ल आणि श दाखवतात. वर्णमाला ठरवणारा शासन निर्णय पडद्यावर पाळला जाणं न जाणं या दोन अक्षरी संकेतावर अवलंबून आहे.

तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. पीडीएफमधल्या तीन ओळी निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. वाचता आल्या तर अपलोड करा, नाही आल्या तर परत पाठवा.

स्कॅन झालेल्या जुन्या कागदांसाठी टेसेरॅक्टसारखी मुक्त प्रणाली चित्रातली मराठी अक्षरं ओळखते. स्कॅन किमान ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके) हवं, पान सरळ हवं, आणि शिक्का मजकुरावर नको. शिक्क्याखालचा मजकूर कुठलंच यंत्र नीट वाचत नाही. पुढच्या कागदांवर शिक्क्यासाठी मोकळी जागा ठेवणं तर आजपासून जमेल.

एसएमएसबद्दल थोडक्यात. इंग्रजी अक्षरांचा एक संदेश १६० चिन्हांचा. त्यात एक जरी देवनागरी अक्षर आलं की मर्यादा ७० वर येते, आणि लांब संदेश जोडताना प्रत्येक तुकड्याला ६७ च मिळतात. १५० चिन्हांचा मराठी मजकूर म्हणजे तीन एसएमएस, रोमनमध्ये एकच. शिवाय ‘महाराष्ट्र’मध्ये डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, संगणक दहा मोजतो, आणि साठवायला तीस बाइट (साठवणीचं एकक) घेतो. निविदेत ‘प्रति संदेश’ दर आणि ठरावीक रक्कम असली की रोमन लिपी किंवा इंग्रजीकडे ओढा राहणारच. निविदेतच ‘देवनागरीत, तीन तुकड्यांपर्यंत’ असं लिहा, म्हणजे हा प्रश्न पैशाच्या जागी सुटेल. डेटाबेसचंही तसंच. नावाच्या रकान्याला तीस बाइट दिले तर ‘ज्ञानेश्वर’ काठोकाठ बसतो आणि आडनावाला जागा उरत नाही. रकान्यांची लांबी चिन्हांत मागावी, बाइटमध्ये नको. आणि याद्या लावताना ळ हा ह नंतर यावा. यूनिकोडच्या क्रमांकांनी लावल्यास तो ल आणि व यांच्या मध्ये घुसतो.

आता ज्या गोष्टीची आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते तिच्याकडे येतो. प्रश्नांना उत्तरं देणारी, पत्रं लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आता विद्यार्थ्याच्या आणि कारकुनाच्या हातात आहेत. ही साधनं भाषा शिकतात ती जाळ्यावरच्या वाचता येणाऱ्या मजकुरातून. मराठीतला खूप मोठा, नेमका गद्य मजकूर शासनाकडे आहे: महसूल, सिंचन, शिक्षण, आरोग्य. फेरफार, पोटखराबा, कुळ, वहिवाट, आणेवारी, गावठाण हे शब्द त्यात रोज राबतात. तो मजकूर चित्रांत आणि जुन्या फॉन्टांत बंद राहिला, तर यंत्र हे शब्द त्यांच्या खऱ्या संदर्भात पाहतच नाही. मग ते भाषांतरित, हिंदी वळणाची मराठी बोलतं: ‘आपण इथे अर्ज सादर करू शकता’, ‘अधिक जाणून घ्या’. मराठी माणूस ‘अर्ज इथे करा’ म्हणतो. पण रोज समोर येणारं वाक्यच हळूहळू बरोबर वाटू लागतं, आणि मूल निबंधातही तसंच लिहितं. भाषेचं वळण आज पाठ्यपुस्तकापेक्षा पडद्यावर जास्त घडतं आहे.

भाषा संचालनालयाने परिभाषा कोश केले, ते संकेतस्थळावरही आहेत. पण एकेक शब्द शोधून पाहणं वेगळं आणि संपूर्ण कोश तक्त्याच्या फाइलीत उतरवून घेता येणं वेगळं. केंद्राचा २०१७चा खुल्या शासकीय माहितीचा परवाना तयार आहे; त्याखाली हे कोश एका फाइलीत द्यावेत, म्हणजे फोनच्या कळफलकापासून शाळेच्या ॲपपर्यंत कुणालाही ते बसवता येतील. मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश आज जाळ्यावर नीट शोधता येतो तो शिकागो विद्यापीठाने केलेल्या कामामुळे. त्या मंडळींचे आभारच मानायला हवेत. आपल्या संचालनालयाचे कोशही तितक्याच सहज हाती यावेत, एवढीच अपेक्षा.

मागणी एका पानाच्या शासन निर्णयाची आहे. त्यात ऱ्य चं एक रूप, ॲ चं एक रूप, खरा विसर्ग, नोटपॅडची चाचणी आणि पीडीएफशेजारी वेबपान, एवढं असावं. निर्णय काढण्याआधी दृष्टिहीन वाचकांपैकी कुणाला तरी तो स्क्रीन रीडरवर ऐकवावा. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेत ‘शेतकऱ्यांना, वऱ्हाड, निःशुल्क, ॲड.’ असे शब्द ठेवावेत आणि गुण देताना आतले क्रमांक तपासावेत, दिसणं पाहू नये. सुरुवात कृषी विभागाच्या चालू वर्षाच्या निर्णयांपासून करता येईल. ऱ्य ची दुरुस्ती करणारा छोटा प्रोग्राम आणि तपासणीची शब्दयादी आम्ही विनामूल्य देऊ, विभागाने वेळ द्यावी.

आपले,
मराठी मुद्रण, मुद्रितशोधन आणि संगणनाच्या कामातले काही जण