डीपीवरचा न्यूट्रल कोण तपासणार?

महोदय,

बार्शी तालुक्यात माझं टीव्ही-फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे. वळवाचा पाऊस झाला की एकाच गल्लीतली चार-पाच घरं एकदमच दुकानात येतात. कुणाचा सेटटॉप बॉक्स, कुणाचा टीव्ही, कुणाचा फ्रिज. ‘वीज पडली’ असंच सगळे सांगतात. बोर्ड उघडला की एमओव्ही (जादा व्होल्टेजचा झटका झेलणारा छोटा भाग) फुटून काळा पडलेला असतो आणि मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) वरून फुगलेला. हा कपॅसिटर ४०० किंवा ४५० व्होल्टचा असतो. २३० व्होल्ट पुरवठ्यावर तो व्होल्टेजच्या लाटेच्या शिखराइतका, म्हणजे सव्वातीनशेपर्यंत भरतो. पुरवठाच साडेतीनशेवर गेला तर त्याच्यावर जवळजवळ पाचशे व्होल्ट येतात. मग तो टिकणार कसा?

बहुतेक वेळा हा प्रताप आभाळातल्या विजेचा नसतो, डीपीवर (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर) तुटलेल्या न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत नेणाऱ्या सामाईक तारेचा, असतो. दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात. न्यूट्रल गेला की ज्या फेजवर लोड कमी, त्या घरांत व्होल्टेज चढतं आणि लोड जास्त असलेल्या फेजवर दिवे मिणमिणतात. शेजारच्या घरात बल्ब मंद आणि आपल्याकडे डोळे दिपवणारा उजेड, असं दिसलं तर विचार करत बसू नका, आधी मेन स्विच पाडा.

एमसीबी आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. पण एमसीबी जादा करंटवर पडतो, व्होल्टेज त्याला कळत नाही. स्पाइक गार्डचा बोर्ड क्षणभराच्या झटक्यापुरता. मेनजवळ ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. साधारण २७० च्या वर किंवा १७० च्या खाली तो लाइन तोडतो आणि व्होल्टेज ठीक झाल्यावर थोडं थांबून जोडतो. फ्रिज असेल तर हे थांबणं तीन मिनिटांवर लावायला सांगा, कॉम्प्रेसर वाचतो.

पण सगळा भार गिऱ्हाइकावरच का? घरगुती पुरवठ्यात सहा टक्क्यांपलीकडे फरक पडू नये, म्हणजे २१६ ते २४४ व्होल्ट, असा नियम आहे. आमच्याकडे पावसाळ्याआधी लाइनवरच्या फांद्या छाटतात, ते चांगलंच. न्यूट्रलकडे मात्र कुणी बघत नाही. कितीतरी डीपींवर अॅल्युमिनियमची तार लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) न लावता नुसती बोल्टला गुंडाळलेली असते. ती तापते, सैल होते आणि पहिल्या वाऱ्यात सुटते. अर्थिंगचे खड्डे उन्हाळ्यात कोरडे ठणठणीत. परवा एका अंगणवाडी सेविकेचा फ्रिज आला. त्याचे हप्ते अजून फिटलेले नाहीत. दुरुस्तीचा आकडा सांगताना माझी जीभ रेटेना.

वीज कंपनीला विनंती आहे की, मे महिन्यातच प्रत्येक डीपीचा न्यूट्रल, लग, झंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) आणि अर्थिंग तपासावं आणि तपासणीची तारीख डीपीवर रंगवावी. गावकऱ्यांना ती वाचता आली पाहिजे. आणि ज्यांची उपकरणं जळाली त्यांनी १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक लिहून ठेवावा, शेजाऱ्यांच्या सह्यांसह लेखी अर्ज द्यावा. दाद मिळाली नाही तर वीज ग्राहकांसाठीच्या तक्रार निवारण मंचाकडे जावं. दुरुस्तीची पावती आणि जळालेला बोर्ड टाकून देऊ नये, मागेल त्याला त्या बोर्डाचं काय झालं ते लेखी द्यायला मी तयार आहे.

– एक दुरुस्ती कारागीर, ता. बार्शी, जि. सोलापूर